धूम्रकेश महाराजांचा फोन

बसा. चहा येईस्तोवर सांगून टाकतो, नाहीतर हे माझ्या पोटात राहायचं नाही. पण अट एकच, मध्ये कुणी हसायचं नाही. हसायचं ते मी उठून गेल्यावर. कारण मी जे काही करून बसलो त्याचा मला अजून राग येतोय, आणि स्वतःवर आलेला राग काढायचा कुणावर, याची सोय देवाने करून ठेवलेली नाही. बायकोवर काढून बघितला. ती म्हणाली, भाजी जड झाली असेल तर पिशवी इकडे द्या.

तुमच्यापैकी 'शनीपलीकडची स्वारी' कुणी बघितली होती? कुणीच नाही? वाटलंच मला. अहो, मी शाळेत होतो तेव्हा साताऱ्याला आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, कुलकर्ण्यांचा. रविवारी सकाळी त्यांच्या दाराशी चपलांचा असा ढीग पडायचा की घरी जाताना ज्याला जी मिळेल ती त्याची. कप्तान अभिजित, डॉक्टर नेने आणि खटपट नावाचा यंत्रमानव, असे तिघं रॉकेटात बसून शनीच्या पलीकडच्या ग्रहावर जातात. तिथला राजा धूम्रकेश त्यांना कैद करतो. दर भागाच्या शेवटी कप्तान कशाला तरी लटकत असायचा आणि आम्ही पोरं पुढचा आठवडाभर त्याच्याबरोबर लटकत असायचो.

आता या मालिकेची एक गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे परग्रहावरचे लोक बोलायचे कसे? तर बखरीतल्यासारखे. "आम्ही या स्थळींचे अधिपती. तुम्ही कोठून आलां? येणें कां घडलें?" म्हणजे रॉकेटं आपल्याहून हजार वर्षं पुढची आणि भाषा आपल्याहून तीनशे वर्षं मागची. लेखकाने असं का केलं ते त्यालाच माहीत. आम्हाला मात्र ते अगदी बरोबर वाटायचं. परग्रहावरचा माणूस काय 'कसं काय, बरंय ना' म्हणेल?

तर यंदा उन्हाळ्यात कुणा पुण्यवान माणसाने जुन्या कॅसेटी शोधून ते सगळे भाग इंटरनेटवर टाकले. मला सापडले तेव्हा मी ऑफिसात होतो, तिथेच डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन जाहीर केलं, या रविवारी सगळ्यांनी बसून बघायचं. सगळ्यांनी म्हणजे किती? मी, माझी बायको वैशाली आणि मुलगी सई. सई इथे चेन्नईतच वाढली. सिरुसेरीला नोकरी करते. विचार तमिळमध्ये करते, भांडते इंग्रजीत आणि मराठी फक्त माझी समजूत घालायला वापरते. म्हटलं, तिलाही कळू दे आपल्या भाषेत काय काय होऊन गेलंय.

लावलं. पहिल्याच दृश्यात रॉकेट उडालं आणि सई सोफ्यावरून खाली आली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी थांबवून विचारलं.

"बाबा, त्या रॉकेटला तोटी आहे. तो पाणी तापवायचा बंब आहे."

"ती तोटी नाही. इंधन सोडायची जागा आहे."

"आणि त्या राजाच्या डोक्यावर चाळणी आहे."

मी नीट बघितलं. खरं सांगू? चाळणीच होती. पिठाची. वर दोन चमचे लावले होते शिंगांसारखे. राजाचं अफाट सैन्य म्हणजे चारच माणसं होती, जी कॅमेऱ्यापुढून जायची आणि मागून फिरून परत यायची. एकाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, त्यामुळे तो दर खेपेला ओळखू यायचा. वैशालीने तर त्याला नाव पण ठेवलं. मला इतका संताप आला की मी टीव्ही बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. तिथे ऊन भाजत होतं, पण मानाने आत येता येत नव्हतं.

तो राग मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढला. लांबलचक लिहिलं. आजच्या पिढीला कल्पनाशक्ती नाही, चाळणीत मुकुट बघायला नजर लागते, आणि त्या मालिकेतली कप्तान अभिजितची मराठी ऐका म्हणजे शुद्ध भाषा कशाला म्हणतात ते कळेल, वगैरे. मंडळातल्या लोकांनी अंगठे पाठवले. एका माणसाने मात्र काहीच पाठवलं नाही, तो म्हणजे मिलिंद.

मिलिंद माझ्याच ऑफिसात आहे, पेरुंगुडीला आमच्याच सोसायटीत राहतो, मूळचा सांगलीचा. त्याने लहानपणी ती मालिका बघितलेली. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला तर खोल आवाजात, "पृथ्वीवासी, आम्ही धूम्रकेश. तुमचें येणें कां घडत नाही?"

त्या दिवसापासून त्याने मला जगणं नकोसं केलं. कधी वॉचमनच्या फोनवरून, कधी बायकोच्या, कधी दाताच्या डॉक्टरकडे बसला असेल तर तिथल्या रिसेप्शनवरच्या फोनवरून. सहाव्या भागात धूम्रकेश डॉक्टर नेन्यांच्या मुलीला आपल्या युवराजासाठी मागणी घालतो, ते तर त्याला तोंडपाठ. "तुमची कन्या आमचे ग्रहीं द्यावी." मी गाडीत असताना हा फोन आला, स्पीकरवर, आणि शेजारी वैशालीची मामी बसलेली. मामी मला विचारतात, कुठलं स्थळ आहे? मी मनाशी ठरवलं, आता पुन्हा फोन आला की याची अशी काढायची की सात पिढ्यांनी फोन लावायचा नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सईने सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय.

नाव श्रीनिवास राव. तिच्याच ऑफिसातला. मुलगा मी दोनदा बघितला होता, तिला सोडायला यायचा. सभ्य, उंच, माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. सई म्हणाली, "बाबा, ते मराठीच आहेत. तंजावरकडचे. त्यांच्या घरी मराठीच बोलतात."

मी म्हटलं, "नावापुढे राव लावलं म्हणून कुणी मराठी होत नाही. सहाशे मैलांवर राहून तीनशे वर्षांत काय मराठी उरणार? तमिळच बोलत असतील. काही हरकत नाही, माणसं चांगली असली म्हणजे झालं." बघा, किती मोठं मन माझं.

"तुम्ही ऐकलंय का त्यांना कधी?"

"तू ऐकलंयस?"

तिनेही ऐकलं नव्हतं, कारण ती आणि श्रीनिवास दोघंही आपसात तमिळच बोलतात. मग म्हणाली, "त्याचे अप्पा रविवारी संध्याकाळी पाचला फोन करतील. बाबा, प्लीज, नीट बोला. आवाज चढवू नका. ते फार हळवे आहेत. दोन वर्षं लागली त्यांना तयार करायला." पोरगी कधी असं काही मागत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की माझ्या तोंडून एक वेडावाकडा शब्द जाणार नाही.

रविवार. मी जेवून झोपलो पण नाही. इंग्रजीत दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली, तमिळमध्ये नमस्कार आणि या-बसा. इस्त्रीचा शर्ट घातला. फोनवर शर्ट दिसत नाही हे वैशालीने सांगितलं, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सई खाली मैत्रिणीकडे गेली होती, घरात बसवत नव्हतं तिला. आणि चार वाजायच्या आतच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार. सईचे वडीलच की बोलणें?"

म्हातारा, संथ आवाज. मी म्हटलं, वा रे मिलिंद, आज आवाजावर मेहनत घेतलेली दिसते. आणि दिवस कुठला निवडलास, गाढवा.

"हो, वडीलच," मी म्हणालो. "बोला महाराज."

"महाराज म्हणूं नका. अम्ही साधीं माणसें. तुमचे घरीं सकळ क्षेम की?"

"सकळ. तुमच्या ग्रहावर काय म्हणतंय?"

त्यावर म्हणतो, "ग्रह बरे आहेत. म्हणूनच बोलावें म्हटलें. तुमची कन्या अमचे घरीं यावी, हा अमचे मनींचा विचार. मुलगा गुणाचा आहे. तुमचें म्हणणें काय?"

झालं. माझं डोकं फिरलं. "माझं म्हणणं असं आहे की तुझ्या त्या मुलाला घेऊन तू शनीवर जा."

"शनी?" तो घाबरून म्हणाला. "मुलाचे पत्रिकेंत शनीचा कांहीं दोष नाही हो. अम्ही दोन ठायीं दाखविलें."

"दोष पत्रिकेत नाही, तुझ्या डोक्यात आहे. आधी डोक्यावरची ती चाळणी काढ आणि घरी जाऊन पीठ चाळ."

"अमचे डोईवर चाळणी नाही," आवाज अगदी नम्र होता.

"मग काय पातेलं आहे?" असं म्हणून मी फोन आपटला. आणि काय सांगू, इतकं हलकं वाटलं.

मिनिटभरात पुन्हा वाजला. "मध्येंच तुटलें असावें. तुमचें बोलणें नीट कळलें नाही. तुम्हीं चाळणी म्हणून बोललां..."

"हे बघ," मी ओरडलो, आणि मी ओरडलो की आमच्या मजल्यावरची कबुतरं उडतात, "पाच वाजता एका खडूस म्हाताऱ्याचा फोन यायचाय. त्याच्याशी काय बोलायचं हेच मला सुचत नाहीये. त्याला धड मराठी येत नाही, मला धड तमिळ येत नाही. पोरीसाठी मी त्याच्यापुढे नाक घासायला बसलोय आणि तू मध्ये मध्ये बखर वाचतोयस. लाईन मोकळी सोड."

मग अगदी हळू आवाजात, "पांच वाजतां राहुकाळ असतो. शुभ बोलणें तेव्हां करूं नये. म्हणून अम्ही आतांच केलों."

तुम्ही म्हणाल, आता तरी कळायला हवं होतं. अहो, नाही कळलं. मला वाटलं, मिलिंदने चेन्नईत राहून राहुकाळ पण शिकून घेतला, काय चेष्टेसाठी मेहनत करतोय. मी पुढची शिवी जुळवत होतो, तेवढ्यात वैशाली स्वयंपाकघरातून स्वतःचा फोन कानाला लावून आली.

"अहो, मिलिंद भावजी आहेत. विचारतायत, पाहुण्यांचा फोन येऊन गेला का."

मी तिच्या फोनकडे बघितलं. मग माझ्या फोनकडे. मिलिंद जर तिच्या हातात असेल तर माझ्या हातात कोण आहे?

"हॅलो," मी म्हटलं. "आपण कोण बोलताय?"

"अम्ही रघुनाथ राव. श्रीनिवासाचे वडील. ठेवितों आतां."

आणि ठेवला.

सई वर आली तेव्हा मी त्याच जागी बसलो होतो, इस्त्रीच्या शर्टात. सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना चाळणी काढायला सांगितली?" आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली.

रडत रडत जे सांगितलं ते असं. रघुनाथराव एकदा कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला गेले होते. तिथे तोंड उघडलं की लोक हसायचे. नाटकातलं बोलता का म्हणून विचारायचे. एका पोराने त्यांची नक्कल केली आणि त्याच्या आईबापांनी त्याला थांबवलं नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की तिकडच्या माणसांशी सोयरिक नको, ते आपल्या भाषेला हसतात. दोन वर्षं श्रीनिवास त्यांना समजावत होता, सगळे तसे नसतात, सईचे बाबा तसे नाहीत. फोन त्यांनी मराठीत करावा हाही त्याचाच हट्ट होता.

मी मिलिंदकडे जाऊन त्याच्यावर तासभर ओरडलो. तो ऐकून घेत होता, कारण त्यालाही रडू यायला लागलं होतं. पण त्याच्यावर ओरडून काय होणार? फोनवर मी बोललो होतो.

दोनच दिवसांनी मी, वैशाली आणि सई तिरुवल्लिकेणीला, इथेच चेन्नईत, त्यांच्या घरी गेलो. फोन करून वेळ विचारायचीही माझी हिंमत नव्हती, ती श्रीनिवासने विचारून ठेवली. वाटेत मी एका रिक्षावाल्याशी भांडलो, गाडी लावायला जागा नाही म्हणून एका दुकानदाराशी भांडलो. वैशाली म्हणाली, सगळं इथेच संपवा, आत काही शिल्लक ठेवू नका. देवळामागच्या गल्लीत, बॅचलर पोरांच्या एका मॅन्शनला, म्हणजे लॉजला लागून त्यांचं घर. रघुनाथराव दारात उभे होते. बारीक, पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. "या," म्हणाले. एवढंच.

मी आत जाऊन बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मालिका, मिलिंद, धूम्रकेश, चाळणी, सगळं. म्हटलं, तुमच्या भाषेला नाही हो हसलो, मला वाटलं तो मित्र आहे. मला लाज वाटते. मुलीवर राग धरू नका, मला काय वाट्टेल ती शिक्षा करा. रागाव्यतिरिक्त दुसरं काही माझ्या गळ्यातून येतं हे मला त्या दिवशी कळलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ती मालिका दाखवा."

आता आली का पंचाईत? म्हणजे ज्या बंबावरून माझी मुलगी सोफ्यावरून पडली, तो यांना दाखवायचा? पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? श्रीनिवासने माझा फोन त्यांच्या टीव्हीला जोडला. मी मुद्दाम सहावा भाग लावला, म्हटलं निदान मागणीचा प्रसंग बघून माझा गोंधळ का झाला ते कळेल. कॉफी आली. कुणी घेतली नाही.

बंब उडाला. रघुनाथराव स्थिर. चिंधीवाला सैनिक चार वेळा गेला. स्थिर. मग चाळणी घालून धूम्रकेश आला आणि म्हणाला, "तुमचें येणें कां घडलें?"

रघुनाथराव एकदम पुढे सरकले. "अग," त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "लौकर ये. टीव्हींत अमची भाषा बोलतात."

त्यांची बायको हात पुसत आली. शेजारून त्यांची बहीण आली. अहो, आयुष्यात पहिल्यांदा ते लोक आपलं घरचं बोलणं टीव्हीवर ऐकत होते. धूम्रकेशच्या प्रत्येक वाक्याला माना डोलत होत्या. बंब नाही, चाळणी नाही, कुणाला काही दिसत नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो. धूम्रकेशने लाज राखली माझी.

तेवढ्यात कप्तान अभिजितने तोंड उघडलं, आणि सगळं घर हसायला लागलं.

म्हणजे साधंसुधं नाही. त्यांची बहीण पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. कप्तान बोलला की हशा, डॉक्टर नेने बोलले की हशा. माझा कप्तान. ज्याच्या शुद्ध मराठीवर मी ग्रुपवर निबंध लिहिला तो. माझ्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या, मी बोलायला तोंड उघडलं, आणि वैशालीने मला असा चिमटा काढला की त्याचा वळ अजून आहे.

"हे कोण लोक?" रघुनाथरावांनी विचारलं.

"ती पृथ्वीवरची माणसं आहेत," मी दात आवळून म्हटलं.

"बोलणें कसें हो त्यांचें? अर्धें गिळतात, अर्धें तोडतात." मग माझ्याकडे वळून बघितलं, अगदी कौतुकाने. "तुमच्यासारखेंच की बोलतात."

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. सई पण. आणि सई हसत होती, त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

भाग संपला. मास्तरांनी घशाशी आलेलं हसू आवरलं आणि म्हणाले, "राजानें मर्यादेनें मुलगी मागितली. त्यांत वावगें कांहीं नाही. ओरडला तो कप्तानच. सरि, बरें, तुमची चूक कळली. मुलांचें लग्न करूं. पण एक सांगून ठेवितों. उद्यां नातवंडें होतील, त्यांस मराठी अम्ही शिकवूं. तुमच्या हातीं दिलीं तर भाषा बिघडेल."

सईने माझ्याकडे बघितलं. शुद्ध मराठीवर मंडळात भाषणं ठोकणारा मी. मी म्हटलं, चालेल.

त्यांना माझा चेहरा बघून दया आली असावी. मला शेजारी बसवून घेतलं, गार झालेली कॉफी बदलून गरम आणायला सांगितली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट मानूं नका. नातवंडें होईतों वेळ आहे. तुम्ही दर आदितवारीं या, राहुकाळाचे आधीं. तुम्हांसही शिकवूं. हळूहळू येईल."

गेल्या रविवारपासून मी जातोय.